दहावं नाव

२० ऑगस्ट, सोमवार

बँड सुटला. सुटला कसला — सोडायला लावला! ब्रँटली सरांनी. हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला कोणी काय शिकायचं ते हे शाळेचे समुपदेशक ऑफिसात बसून ठरवणार. म्हणे, "डालिया, बँडमधला ए ग्रेड तुला खाली ओढतोय."

ए खाली ओढतो! यांचं गणित असं — साध्या विषयातल्या ए ला चार गुण, कॉलेजच्या पातळीच्या विषयातल्या ए ला पाच. म्हणजे मी क्लॅरिनेट कितीही चांगलं वाजवलं तरी माझी सरासरी घसरणारच. बँड सहाव्या तासाला, आणि कॉलेजचं संख्याशास्त्रही नेमकं सहाव्याच तासाला. "शाळेत पहिली आलीस तर विद्यापीठात वर्षभर फी माफ. विचार कर." काय विचार करू, कपाळ!

आईने फॉर्मवर मुकाट सही केली. निदान भांडायचं तरी!

१४ सप्टेंबर

फुटबॉलची मॅच. मी प्रेक्षकांत, अंगात साधा टी-शर्ट. मध्यंतरात बँड मैदानात उतरला. तिसऱ्या रांगेत नायेलीच्या शेजारी एका माणसाची जागा रिकामी. सरकून घ्यायचं सोडून तशीच चालली रांग, सगळ्या गावासमोर! नंतर तिला विचारलं तर म्हणते, "तुझी जागा आहे ती. मी कशाला भरू?"

मैत्रीण आहे की वैरीण! रडवलं मला मेलीने.

२५ सप्टेंबर

संख्याशास्त्राचा पहिला पेपर. शंभरात चोपन्न. ब्रँटली सरांच्या नावाने कडाकडा बोटं मोडली.

६ नोव्हेंबर

संख्याशास्त्राच्या ट्रेव्हिन्यो बाईंनी विचारलं, तीस घरांत विचारून आख्ख्या गावाबद्दल काही सांगता येईल का? माझ्या तोंडून उत्तर निघूनच गेलं. बाई म्हणाल्या, "पुन्हा सांग. मोठ्याने." घरी येईपर्यंत तेच डोक्यात घोळत होतं. आवडलं मला. आवडलं याचाच जास्त राग आला!

१७ जानेवारी

आमच्या वर्गातला किप. पहिल्या नंबरासाठी जन्मापासून धावतोय. कॅन्टीनच्या रांगेत मला गाठून म्हणतो कसा, "थँक्स हं! दहा जण झाल्याशिवाय संख्याशास्त्राचा वर्ग सुरूच करत नाहीत. नऊवर अडलं होतं. दहावी तू!" दात काढत!

म्हणजे मी डोकी भरायला! माझं भलं, फी माफ, सगळी थाप. मेंढरासारखी हाकलली मला.

काउंटरपलीकडे आई सगळ्यांना बीन्स वाढत होती, तिने ऐकलं. घरी म्हणाली, "जाऊ दे, पोरी. मे महिन्यातली परीक्षा तरी नीट दे." जाऊ दे काय! तिचं हे नेहमीचंच, कोणाला म्हणून दुखवायचं नाही.

१६ मे

परीक्षा दिली. चांगली गेली. कोणाला सांगणार नाही.

२१ मे

यादी लागली. किप पहिला, मी दुसरी. मधलं अंतर तीनदा मांडून पाहिलं — आधीच्या तीन वर्षांचे बँडमधले ए, बस्स, तेवढंच! बँडही गेला आणि नंबरही गेला. उद्या ब्रँटली सरांना तोंडावर सुनावणार. घाबरतंय कोण!

२२ मे

सुनावलं. "वर्ग भरायला मला वापरलंत तुम्ही!" दार उघडं होतं, बाहेर बसणाऱ्या क्लार्क बाईंनीही ऐकलं. सरांनी सगळं ऐकून घेतलं.

मग म्हणाले, "दहावं कोणीही चाललं असतं मला. खरं सांगू? त्या वर्गासाठीच्या माझ्या यादीत तुझं नाव नव्हतंच. तुझी आई आली होती. एकदा नाही, तीनदा. कॅन्टीनमधून तशीच, ॲप्रनवर. माझ्या मुलीला का नाही विचारलं, म्हणाली. हलेचना इथून. आणि तुला सांगू नका म्हणाली."

२३ मे

आईला विचारलं, का नाही सांगितलंस?

"वर्षभर कोणाला तरी शिव्या घालणारच होतीस तू. मला तुझ्यासोबत जेवायचं होतं."