सव्वा मीटर खालची सुपारी

१० मे, शनिवार

मांडीपर्यंत रुतले. पाय निघाला, बूट तिथेच राहिला. लॅबमधल्या वेईशानने आधी फोटो काढला, मग बूट.

जोहोरचं हे दलदलीचं जंगल नकाशावर सपाट दिसतं. खरं तर पालथ्या परातीसारखं आहे, कडेकडून मध्याकडे हळूहळू चढलेलं. नदीचं पाणी मध्ये पोचतच नाही, सगळी मदार पावसावर. पडलेलं पान पुरतं कुजत नाही, नुसतं साठत जातं. हजारो वर्षांची पानं, मुळं, लाकूड – हेच पीट. पाणी कोऱ्या चहासारखं. दोन ठिकाणी नळी खुपसून पीट काढलं. एक नमुना आमच्यासाठी, दुसरा तिथेच सीलबंद करून वेईशानच्या मैत्रिणीच्या, फरीदाच्या लॅबसाठी राखीव.

कडेच्या गावातल्या माकचिक, म्हणजे मावशी, सालमा केळी घेऊन आल्या. जंगलात लाकडी पायवाट होतेय, तिच्या माहितीफलकाचा मजकूर माझ्याकडे आहे. आधीच्या मसुद्यात वाक्य आहे – 'इथे माणसाची वस्ती कधीच नव्हती.' वेईशानने त्यांना ते मलयमध्ये वाचून दाखवलं. बाई हसल्या. "मग माझी पणजी काय झाडावरून पडली?"

निघताना माझा हात मात्र बराच वेळ सोडला नाही. मी म्हटलं, पुरावा मिळाला तर वाक्य बदलेन. केळी ही लाच नव्हती, असं मी घरी परतताना सीमेच्या पुलावरच्या रांगेत स्वतःला दोनदा सांगितलं. गोड होती.

१२ मे, बुद्धपौर्णिमा

सुट्टी. सकाळी झेंडूचा हार ओवला. आर्या इथल्या मुलांच्या ढंगात म्हणाली, "आई, रेडीमेड मिळतो, व्हॉट. टेक्का मार्केटमध्ये." तेराव्या वर्षी सगळंच रेडीमेड हवं. वंदना झाली, खीर झाली. दुपारी लॅबमध्ये गेले – सुट्टीच्या दिवशी कुणी नसतं, काम छान होतं. आमच्या नमुन्याचे तुकडे करून, परागकण सुटे व्हावेत म्हणून, ॲसिडमध्ये टाकले.

१५ मे, गुरुवार

सुपारी! सव्वा मीटर खाली, म्हणजे अंदाजे हजार वर्षांपूर्वीचे परागकण. रानसुपारी तर नाही ना, म्हणून पुन्हा पुन्हा ताडून पाहिलं. लावलेलीच सुपारी.

रत्नदीप म्हणाला, "म्हणजे हजार वर्षांपूर्वी तिथे कुणीतरी पान खाऊन थुंकलं. आणि त्यावर माझी बायको खूश."

खूश आहे खरी. फलकाचं नवं वाक्य लिहूनही टाकलं.

१६ मे, शुक्रवार

सूक्ष्मदर्शकाखाली त्याच काचेवर, सुपारीला चिकटूनच, एक गोल काटेरी कण. झेंडूच्या कुळातला.

पौर्णिमेला हार ओवला त्याच कुर्त्यात मी तुकडे केले होते. बाहीवरून झेंडू आत गेला असेल तर सुपारी का नाही? वुडलँड्सला आमच्या ब्लॉकखाली सुपारीची झाडं आहेत. रोज त्यांच्याखालून जाते!

"झेंडू सोडून बाकीचं लिही," रत्नदीप म्हणाला. थट्टाच करत होता. तरी एक क्षण मी विचार केलाच.

१९ मे, सोमवार

वेईशानला सगळं सांगितलं. तो इतका हसला की खुर्ची मागे सरकली. म्हणाला, "लोकांच्या नमुन्यात धूळ जाते. तुझ्या नमुन्यात पूजा गेली."

पूजा नाही, वंदना, म्हटलं. मग मलाही हसू आलं.

फलक शुक्रवारी छापायला जाणार. वादाचं वाक्य नुसतं गाळावं, असं एकदा वाटलं. पण तेही पटेना. 'नव्हती' म्हणणं आणि काहीच न म्हणणं, माकचिकना दोन्ही सारखंच. शेवटी फरीदाला सांगून राखीव नमुना उघडायला लावला. तो जंगलातच, हाराच्या दोन दिवस आधी, बंद झालेला. मी त्याच्या आसपासही जायचं नाही, असं मीच ठरवलं. झेंडूबद्दल तिला काही सांगायचं नाही, हेही.

२१ मे, बुधवार

फरीदाचा फोन नाही. उपमा करपवला. आर्याने चाटूनपुसून खाल्ला, म्हणजे माझा चेहरा बघण्यासारखा असणार.

२३ मे, शुक्रवार

सकाळी फरीदाचा फोन. सुपारी आहे, तेवढ्याच खोलीवर. मग म्हणाली, "आणि एक विचित्रच. झेंडूच्या कुळातलं काहीतरी आहे. खूप आहे. उन्हातलं तण असावं. पण इतक्या दाट रानात जमिनीवर ऊन आलं कुठून?"

कुणीतरी झाडं तोडून अंगण केलं होतं.