शुक्रवारची गोळी

अहो, ऐकताय का,

ओळखलंत का मला? चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधणारा माणूस तुम्ही; तिकडं गेल्यावर बायकोचा चेहरा ध्यानात राहिला असेल, याची मला खात्री नाही. मी सांगते आणि आपली नात सुमन लिहिते. तिच्या हातून माझं 'न्हाय'सुद्धा 'नाही' होतंय. भाषा परकी वाटली तरी बाई तुमचीच.

पत्राचं कारण असं, की गेल्या महिन्यात माझ्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू गेली. तोंड तेवढं परत आलं, बाकीचं अजून वाटेत आहे. तुमच्याच खाटेवर, तुमच्याच खिडकीशी पडून असते. सुनेनं खाटेला म्हशीची घंटी बांधली आहे. ती वाजवल्याशिवाय कूससुद्धा बदलायची नाही.

तुम्ही इथूनच रोज म्हणायचात, "मला जरा भायेर न्या की." आम्ही म्हणायचो, "उद्या." खाटेवरून ते 'उद्या' कसं ऐकू येतं, ते आता कळतंय.

काल डॉक्टर आले. म्हणाले, "आजी, दुसरा झटका टाळायचा तर रक्ताची गुठळी होऊ न देणारी गोळी कायम घ्यावी लागेल. दोन आहेत. एक अ‍ॅस्पिरिन. तिच्यावर माझा जास्त भरवसा, पण ती पोट जाळते, उपाशीपोटी चालणार नाही. दुसरी दिवसातून तीनदा, तिनं डोकं ठणकतं. कुठली झेपेल?"

मी म्हटलं, "ह्यास्नी बी पैल्यांदा हीच अ‍ॅस्पिरिन दिलती की."

आठवतं का? गल्लीला ती डोकेदुखीची गोळी म्हणूनच ठाऊक. जरा बरं वाटलं आणि तुम्ही डबी फळीवर ठेवलीत. "डोकं दुखतंय का माझं? मग गोळी कशाला खाऊ?" शेजाऱ्याचं डोकं दुखलं की मात्र उदार होऊन वाटायचात. अर्ध्या गल्लीची डोकी बरी केलीत आणि स्वतः दुसऱ्या झटक्यात गेलात. असा शहाणपणा करतं का हो कुणी?

माझी कोंडी निराळी. तुमच्या अंगावरून वारं गेलं तेव्हा मी अंबाबाईला शुक्रवार बोलले. कडक, नुसत्या पाण्यावरचा. तुम्ही गेलात, शुक्रवार राहिला. तो सोडला तर तुम्हाला सोडल्यासारखं वाटतं. दुसऱ्या गोळीनं उपास टिकेल, पण डॉक्टरांचा तिच्यावर तेवढा जीव नाही. आणि पहिली घ्यावी तर शुक्रवारी जेवायला लागणार.

लेक म्हणाला, "आई, देवी काय तुला उपाशी मर म्हनती व्हय?"

"तू गप. देवीचं नि माझं बोलणं चाललंय."

रात्रभर बोलले तिच्याशी. म्हटलं, ज्याच्यासाठी उपास धरला त्यानं साधी गोळी पाळली नाही, मग मी एकटीनं किती पाळायचं?

तर सकाळी घंटी वाजवली आणि अ‍ॅस्पिरिन सांगितली. तुम्हाला वचन देते: डोकं दुखो न दुखो, रोज जेवून गोळी घेईन. शुक्रवारीसुद्धा. रुसू नका. तुमच्याकडं यायचंच आहे, पण आधी एकदा या खिडकीच्या पलीकडं जायचंय.

तुमचीच,
अंगठा डावा आहे, उजवा अजून ऐकत नाही.

ता. क. शिरोळच्या लेकीच्या स्वप्नात तुम्ही सारखे जाता म्हणे. माझ्या एकदाही नाही. आता गेलात की सांगा: शुक्रवारी सकाळच्या एस्टीनं आईला मऊ भाकरी आणि लोण्याचा गोळा धाड. मिरचीचा खर्डा नको.