मुलगी क्रमांक सात

३ नोव्हेंबर
तॉर्गनीची शाळा बंद! नाताळनंतर उघडणारच नाही. तपासणी खात्याचा हुकूम आला. आणि आधार कुणाचा? माझ्याच प्रबंधाचा! पान २१२ — "इथली काही मुलं फार उशिरा वाचायला लागतात." अख्ख्या पुस्तकात टीकेचं तेवढं एकच वाक्य. प्रामाणिकपणा म्हणून घातलं होतं. मिळालं फळ.

५ नोव्हेंबर
तॉर्गनी फोन उचलत नाही. परीक्षा नाही, गुण नाहीत — असली शाळा त्याने तीस वर्षं हट्टाने चालवली. तिच्यावर लिहून मी प्राध्यापक झाले. इथल्या रीतीप्रमाणे छापलेला प्रबंध विद्यापीठाच्या भिंतीवर खिळ्याने ठोकायचा होता, त्या दिवशी हातोडी घेऊन हाच आला होता. "गुनवोर, खिळ्यावर मार गं, माझ्या बोटावर नको!" किती हसलो होतो.

८ नोव्हेंबर
हुकुमावर सही कुणा तूवा लिंडस्कूगची. रागाच्या भरात पत्र टाकलं — "तू त्या वर्गात एक दिवस तरी बसली आहेस का? मी चार वर्षं बसलेय!"

१२ नोव्हेंबर
कॉफीच्या वेळी विभागातली सूलवेग म्हणाली, "अगं, दोन वर्षांनी निवृत्त होशील. कशाला जीव जाळतेस?" दालचिनीचा पाव तसाच टाकून उठले. आयुष्यात दुसरं केलंय काय मी?

१४ नोव्हेंबर
जुन्या वह्या काढल्या. शेवटच्या बाकावर बसायचं, ब्र काढायचा नाही, फक्त लिहायचं — माझा नियम. मुलांना नावं नाहीत, क्रमांक.
"क्रमांक ७. वय नऊ. खिडकीजवळ. पुस्तक उलटं धरून मनानेच गोष्ट रचून सांगते. काय कल्पनाशक्ती!!"
माझ्या पुस्तकाचं पहिलं पान हिच्यावरच आहे. नंतर तिच्या घरचे गाव सोडून गेले. वाचून रडले. हे सगळं आता मोडणार.

१५ नोव्हेंबर
तॉर्गनीचा निरोप, एका ओळीचा. "केसाने गळा कापलास."

२० नोव्हेंबर
तूवाचं उत्तर आलं.
"हो गुनवोर, बसलेय. चार वर्षं, खिडकीजवळ. तुझं पुस्तक एकोणिसाव्या वर्षी वाचलं, पहिल्याच पानावर मी सापडले. मला वाचता येत नव्हतं गं. कळू नये म्हणून गोष्टी रचायचे. तॉर्गनीला बावीस मुलं सांभाळायची होती, त्याच्या लक्षात आलं नाही. पण पुस्तक उलटं आहे हे तुला दिसत होतं. तू माझ्याकडे बघून हसलीस, आणि लिहीत राहिलीस."
हो. हसले होते.