मास्टरांची पेटी

बिन महमूद, दोहा, शुक्रवार, ९ सप्टेंबर २०२२

शेजारच्या मास्टरांनी आज त्यांची पेटी माझ्याकडे ठेवली आणि मला नाही म्हणता आलं नाही, म्हणून लिहितेय.

मास्टर मल्याळम चित्रपटांना संगीत देत. प्रत्येक गाणं आधी स्वतः गाऊन रेकॉर्ड करून ठेवायचे. मग मोठा गायक येऊन तेच गायचा, आणि यांचा आवाज पुसला जायचा. एकदा गायक आलाच नाही. तेवढं एक गाणं त्यांच्या आवाजात राहिलं. पुढे काम थांबलं, ते मुलीकडे दोह्याला आले. भिंतीपलीकडे रोज ती पेटी. एक पांढरी पट्टी दाबली की खालीच राहते. ती बोटाने उचलायची आणि पुढे गायचं.

आता वर्ल्ड कपच्या पाहुण्यांसाठी मालकाला त्यांचा फ्लॅट हवाय. मी त्याच्या माणसाशी चांगली भांडले. "मॅडम, करार संपला. खलास." मुलगी एका खोलीत राहायला जाणार, मास्टर गावी.

मास्टर म्हणाले, "टीचर, विमानात वजन बसत नाही. वर्ल्ड कप झाला की येतोच, तोवर सांभाळा."

त्यांचा व्हिसा रद्द झालाय, मुलीने मला सकाळीच सांगितलं. त्यांना माहीत नसेल? असेलच.

"मग गावी चाल कशावर बांधणार?"

"मागतंय कोण?" हसले.

निदान ती पट्टी दुरुस्त करून ठेवते म्हटलं, तर एकदम घाबरले. "नको, नको! परत आल्यावर माझं बोट चुकेल."

ताब्यात घेतली: पेटी एक, खोळीसकट. पट्टी अडकलेली. तशीच ठेवायची.