वेटसूटखालचा स्वेटर

पोर्थ कॅरो, मार्चातला बुधवार

धाकटी बहीण विल्मट हिला थर्झाचा आशीर्वाद.

तुझे गुडघे कसे आहेत? माझे आहेत तिथेच आहेत. कोंबड्या परत अंडी घालायला लागल्या का, आणि तुझा नवरा अजून रेडिओशी भांडतो का, तेही कळव. इकडे सगळे बरे आहेत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. अक्षर लागलं नाही तर मोठ्याने वाच, आवाजावरून कळेल. (माझ्यापेक्षा चार यत्ता जास्त शिकलीस, त्याचा एवढा तरी उपयोग कर.)

तर माझ्या पास्कोची लेक केरेन्झा आता नऊ वर्षांची झाली आणि तिला लाटांवर फळी घेऊन उभं राहायचं वेड लागलंय. उन्हाळ्यात नव्हे. उन्हाळ्यात लंडनची माणसं पाण्यात मावत नाहीत, म्हणून आपली पोरं मार्चात जातात, जेव्हा समुद्रात हात घातला तर बोटं मोजून परत घ्यावी लागतात. त्यासाठी तो रबराचा वेटसूट. आपल्या वेळी पोरं समुद्रापासून लांब राहून गरम राहायची, आता कातड्यावर दुसरं कातडं चढवतात. तिचा वेटसूट गावभर फिरून आलेला. कॉलरच्या आत शाईने चार नावं, तीन खोडलेली, चौथं तिचं. आणि माप दोन वर्षांनी बसेल असं. सून म्हणाली, "वाढत्या अंगाचा आहे, आई." टॅमसिनला सगळंच वाढत्या अंगाचं लागतं. पोरीचे बूटही तसलेच, ती चालली की मागून घोडा येतोय असं वाटतं.

शनिवारी टॅमसिन सकाळी बेकरीत, पास्को खेकड्यांच्या होडीवर, म्हणून वेटसूट चढवायचं काम माझ्याकडे आलं. जिवंत वाम माशाला मोजा घालून बघ, म्हणजे तुला कल्पना येईल. ओढूनताणून चढवला तरी छातीशी आणि दंडात मूठ जाईल एवढा पोकळ. आता पोकळ जागा म्हणजे गारठ्याला आमंत्रण, हे कळायला शाळा लागत नाही. चाळीस वर्षं मी डेन्झिलला लोकर घालून समुद्रावर पाठवलं आणि माझा नवरा एकदाही गारठला नाही. (बुडाला, ती गोष्ट वेगळी.) म्हणून मी तो वेटसूट परत उतरवला आणि आत तिचा स्वेटर घातला, नाताळात मी विणलेला, डेन्झिलच्या घराण्याच्या दोरखंडाच्या विणीचा. बाह्या वर सरकू नयेत म्हणून मनगटाशी दोन-दोन टाके घालून तिच्या अंगावरच आवळल्या. पोरगी म्हणाली, "आजी, जेन्ना म्हणते आत काही घालायचं नसतं." ही जेन्ना म्हणजे त्यांना शिकवणारी. मी म्हटलं, "जेन्नाने आयुष्यात एक मोजा तरी विणलाय का? हात वर कर." तिने हात वर केला. माझ्या घरात पोरं ऐकतात. हे नीट लक्षात ठेव, पुढे लागेल.

किनाऱ्यावर सहा पोरं होती. आमचीला बघून एक कार्टा म्हणाला, "केरेन्झा, आत आईच्या बेकरीतल्या पेस्ट्या भरल्यात का गं?" जेन्नाही हसली. मी माझ्या खडकावर बसले, चहाची बाटली उघडली आणि डोकी मोजत राहिले. ती सवय आपल्याला आईने लावली, तुला आठवत असेल. होडी असो की पोरं, मोजत राहायचं. ईस्टरपर्यंत तिथे जीवरक्षक नसतात, त्यामुळे मोजणारी मी आणि जेन्ना. सहा. सहा. मग एकाच्या नाकावर फळी आपटली, रक्त आलं, जेन्ना त्याला घेऊन काठाकडे वळली. मी त्यालाही धरून मोजलं तर पाच.

सहावी सापडली ती उजव्या हाताला, काळ्या खडकाच्या बाजूला, जिथून पाणी आत यायच्या ऐवजी बाहेर जातं. फळीवर पालथी होती आणि हातांनी पाणी मारत होती, पण हात पाण्यातून निघेपर्यंत एवढा वेळ लागत होता की मला खडकावरूनच कळलं काय होतंय. लोकरीने पाणी प्यायला सुरुवात केली होती. कॉलरमधून आत शिरलेलं पाणी त्या पोकळीत बसलं, आणि मी हौसेने मारलेल्या टाक्यांनी बाह्या मनगटाला धरून ठेवल्या. विल्मट, सत्तर वर्षांत माझी जीभ कधी अडली नाही हे गाव शपथेवर सांगेल. त्या वेळी ती अडली. कारण मला त्या विणीची आठवण झाली. ती वीण आपण कशासाठी विणतो ते तुला ठाऊक आहे. बुडून किनाऱ्याला लागलेला माणूस कुणाच्या घरचा ते कळावं म्हणून. आणि मी ती स्वतःच्या हाताने तिला घालून पाठवली होती.

मी उठले ते चालतच पाण्यात गेले. बूट, स्कर्ट, सगळ्यासकट. कमरेपर्यंत गेल्यावर लक्षात आलं की आपल्याला पोहता येत नाही. (आपल्या घरात कुणी शिकलंच नाही. बाबा म्हणायचे, पोहता येणारा फक्त उशिरा बुडतो.) तिथे उभी राहून मी चहाच्या बाटलीवर झाकण बडवायला लागले, कारण आवाज अजून फुटत नव्हता. जेन्नाने माझ्याकडे बघितलं, मग मी जिकडे बघत होते तिकडे. पोरांना शिकवलंय की ओढीत सापडलं तर झगडायचं नाही, फळी सोडायची नाही, एक हात वर करायचा. आमचीने फळी सोडली नाही. हात काही उचलेना, म्हणून तिने पाय वर केला. एवढ्या समुद्रात एक पाय. जेन्ना तिच्यापर्यंत पोचेपर्यंत मी त्या पायावरची नजर काढली नाही, पापणी हलवली तर तो खाली जाईल अशी माझी समजूत होती. दोनदा लाटेआड गेला. दोनदा परत आला.

काठावर आणलं तेव्हा ओठ जांभळे, दात वाजतायत, पण शुद्धीवर. जेन्नाने पाठीवरची चेन उघडली, आणि आतून बादलीभर पाणी आणि माझा स्वेटर. नेमकी त्याच वेळी टॅमसिन गरम पेस्ट्यांची पिशवी घेऊन पोचली. म्हणाली, "हे कुणी घातलं?" मग त्या पोरीने वाजत्या दातांनी सांगितलं, "मीच. आजीला माहीत नव्हतं." मी तिथेच उभी होते, स्कर्टातून पाणी गळत. मी काही बोलले नाही. केरेन्झाला शिक्षा झाली, पुढच्या नाताळापर्यंत पाण्यात पाय नाही. चार दिवस ती खिडकीत बसून लाटा बघते आणि माझ्याकडे बघून हसते. तेच सोसत नाही.

बाकी सगळं ठीक. तुझ्या नवऱ्याला आणि त्याच्या रेडिओला नमस्कार.

तुझी, थर्झा

ता.क. खरं काम आता सांगते. मागच्या महिन्याची तारीख घालून मला एक पत्र पाठव. त्यात लिही की वेटसूटच्या आत लोकर घालावी, आमच्या रेडरुथला सगळे घालतात. ते मी टॅमसिनला दाखवीन, पोरीने हे वाचूनच घातला म्हणेन. शिक्षा सुटेल आणि दोष तुझ्याकडे जाईल. टॅमसिनला बस लागते, उलट्या होतात, त्यामुळे ती तुझ्याशी भांडायला येणार नाही.

ता.क. दुसरा. पत्र नको. टॅमसिन कणीक मळत होती, मी सांगून टाकलं. तिने मानसुद्धा वर केली नाही. "ठाऊक आहे, आई. नऊ वर्षांच्या पोरीला स्वतःच्या दोन्ही मनगटांवर टाके मारता येत नाहीत." मग शिक्षा कशाची, असं विचारलं. म्हणाली, "खोटं बोलल्याची. आणि तुम्ही किती दिवस गप्प बसता ते बघायचं होतं. घरात इतकी शांतता मी लग्न झाल्यापासून ऐकली नव्हती." शनिवारी पोरीला सोडणार आहे. अट एकच, जो काठावर बसून मोजतो त्याने आता पोहायला शिकायचं.

ता.क. शेवटचा. माझ्यासाठी मोठ्या मापाचा वेटसूट आलाय, तोही गावभर फिरलेला. कॉलरमध्ये पाच नावं, चार खोडलेली, पाचवं माझं. चेन पाठीवर असते, तिथे माझा हात पोचत नाही आणि टॅमसिनला ती ओढू द्यायची नाही, ती मन लावून ओढेल. चेन ओढायला तू शनिवारी दहाच्या बसने ये. येताना स्वेटर घाल. तू काठावरच बसणार आहेस.