मधला टेकू

गुरुवार, दिवेलागण. सोलापूर.

ती बाज अजून डोळ्यापुढून हलत नाही.

कुंभारीत गंगूबाईंचं घरकुल तपासायला गेलो होतो. स्लॅब टाकून आठवडा झाला नाही, आणि खालचा मधला टेकू गायब! त्या जागी बाज. लेक बाळंतपणाला यायची होती, बाज मावेना, म्हणून बाईंनी टेकूच काढवला. कच्च्या स्लॅबखाली बाळंतीण निजवायची?

सही केली नाही. सहीविना पुढचा हप्ता नाही, हप्त्याविना दारं-खिडक्या नाहीत. बाई कडाडल्या, "दादा, आमचा च्या ग्वाड लागतो, आन् सही तेवढी कडू व्हय?"

म्हटलं, "आधी टेकू. मग दोन-तीन आठवडे दम धरा."

"लेकीच्या पोटातल्याला सांगा की, दम धर म्हून!"

हसू आलं, पण सही नाहीच. गवंड्याला तिथंच बोलावून टेकू लावला, पाचर ठोकून घेतली. टेकू निघेल तेव्हाही मी समोर हजर राहणार.

पण लेकीचं काय? शेजारी त्यांची जाऊ राहते, नळाच्या पाण्यावरून दोघींचा अबोला. मीच जाऊन विचारलं. ती म्हणाली, "आणा की पोरीला. भांडान आमचं हाय, तिचं न्हाय."

फार ताणलं का मी? ताणलं असेन. कळस आधी आणि पाया मागून, असं घर उभं राहत नाही.

बाजेचं एक टोक मी धरलं, दुसरं गंगूबाईंनी. जावेच्या उंबऱ्याशी त्या थबकल्या. म्हटलं, "बाई, म्हाताऱ्याचे हात दुखतात, चला आत."

गेल्या. तोच जाऊ बोलली, "अक्का, खिडकीपाशी नगं, बाळंतिणीला वारं लागंल."