टाइलांमागचा दगड

प्रिय सुशील,

फोनवर तू "हाँ माँ, ठीक है माँ" म्हणून मले दोन मिनिटात वाटेला लावतोस, म्हणून हे कागदावर. वाचताना अडलास तर रूपालीले विचार. तुह्या बायकोचं मराठी तुह्यापेक्षा बरं आहे.

आपल्या तात्यापाऱ्यातल्या महादेवाच्या जुन्या देवळात एक पोट्टी आली आहे, ईरा. जुन्या दगडांचं दुखणं ओळखायचं शिकली. शिडीवर माकडावानी चढते, बोटानं ठोकते अन् कान लावून भिंत ऐकते. मी म्हटलं, बाई, नवराही असाच ठोकून घेशीन का? म्हणाली, काकू, पोकळ निघाला तर तुमच्याकडंच पाठवीन. मले तिथंच आवडली.

पण मंग ती तुह्या टाइलांपाशी थांबली. बाबा गेले त्या वर्षी तू आठ दिवसांची रजा काढून देवळाच्या भिंतीले कमरेइतकं सिमेंट मारून घेतलं, वर पांढऱ्या टाइला, मधात बाबाच्या नावाची पाटी. सारा मोहल्ला वाखाणत होता, मीही. ईरा म्हणाली, काकू, यानंच दगड मरून राहिला. मले असा राग आला! म्हटलं, काहून, सिलतऱ्याच्या कारखान्यांचा धूर दिसत नाही का तुले? हसली. म्हणे, हव, वरची काळी खपली धुराचीच. खालचं दुखणं वेगळं.

मंग तिनं समजावलं. जमिनीतली ओल भिंतीत चढतेच. जुन्या कारागिरांनी दगडांच्या मधात चुना भरला, तो मऊ. ओल त्यातून बाहेर निघते, संगं आलेली खार, म्हणजे मीठ, त्यातच साचते, अन् झिजायचं ते चुनाच झिजते. दगड शाबूत राहते. चुना काय, झिजला की पुन्हा भरता येते. केवढी अक्कल त्या लोकांची, पाहाय! ऐकता ऐकता मले तुहे बाबा आठवले. माह्यासारख्या दगडासंगं चाळीस वर्षं काढली, झिजले तेच.

सिमेंटानं ओलीची वाटच बुजली. आता ती दगडातून निघते, अन् खार दगडाच्या पोटात फुलते. माहा विश्वास बसत नव्हता, तर तिनं कोपऱ्यातली सुटलेली एक टाइल हलकेच काढली. मी बोट लावलं अन् लाल दगड रव्यावानी हातात आला. तीन वर्षांत, सुशील. दोनशे वर्षांत नाही झालं ते. तिनं नुसता ओल्या कागदाचा लगदा तिथं थापला, खार ओढून घ्यायले, जशी तापात कपाळावर पट्टी ठेवतो. किती हळू हात तिचा! मी पाहातच राहिली.

आता खरं सांगते. साऱ्या टाइला काढाव्या लागते, पावसाळ्याच्या आत, नाहीतर ती भिंत राहात नाही. बाबाची पाटीही जाते. देवळाची कमिटी म्हणते, ज्यानं लावलं त्याची सही पाहिजे. तू बाबासाठी केलं, हे मले माहीत आहे. मी तर रोज त्या पाटीवरून पदर फिरवते. नवऱ्याचं नाव तोंडानं कधी घेतलं नाही, हातानं पुसून घेते. तरी म्हणते, काढू दे. कागद याच पाकिटात आहे. राग आला तर मागच्या बाजूले लिही, जागा भरपूर आहे. पुढं सही कर.

तुहीच,
आई